कोर्स लावला खरा, पण पुढे?

रात्री जेवणं उरकली की मोबाईलवर फायनान्स नाहीतर मार्केटिंगचा कोर्स लावून बसणारी चाळिशीतली बरीच माणसं माझ्या ओळखीत आहेत, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गाडी अडते आणि मग स्वतःलाच आळशी म्हणून मोकळे होतात. मला हे अजिबात पटत नाही.

अमेरिकेतल्या हार्वर्ड आणि एमआयटी विद्यापीठांच्या ऑनलाइन कोर्सेसची आकडेवारी २०१९ मध्ये छापून आली, त्यात २०१७-१८ साली नाव नोंदवणाऱ्या १०० जणांतले जेमतेम ३ शेवटपर्यंत पोचले. सर्टिफिकेटसाठी पैसे भरलेल्यांत मात्र ४६. अर्थात ही नुसती पैशाची जादू नाही, ज्याचं आधीच पक्कं ठरलेलं असतं तोच बहुधा पैसे भरतो.

त्याहून बोलका वाटतो तो एमआयटीतलाच प्रयोग, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला. एक्झिक्युटिव्ह कोर्स करणारे ९९ नोकरदार, प्रत्येकाने तीन छोटे पेपर लिहून द्यायचे. एका वर्गाला सरांनीच सारख्या अंतराने तारखा दिल्या, दुसऱ्याला सांगितलं तुमच्या तारखा तुम्हीच ठरवा, पण एकदा दिली की बदलायची नाही आणि उशीर झाला की दिवसाला १ टक्का मार्क कट. आता नुसता हिशोब केला तर तिन्ही पेपरना कोर्सचा शेवटचा दिवस देणं फायद्याचं, कारण लवकर द्यायला कुणी अडवलंय? तरी बहुतेकांनी त्याच्या आधीच्या तारखा दिल्या, आपलं मन कुठे घसरतं ते त्यांना नीट माहीत होतं! पण मार्क जास्त पडले ते सरांच्या तारखांवर चालणाऱ्यांना.

मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांचा उपाय वेगळा. "अभ्यास करीन" असं मोघम न ठरवता "ओटा आवरला की लगेच टेबलावर लॅपटॉप उघडीन" असं ठरवायचं, म्हणजे आवरलेला ओटाच आठवण करून देतो. २००६ मध्ये असे ९४ अभ्यास एकत्र तपासले तर फायदा चांगलाच दिसला.

मग २०२० मध्ये सुमारे २५० ऑनलाइन कोर्स आणि अडीच लाख विद्यार्थ्यांवरचा अभ्यास आला. त्यातही सुरुवातीलाच प्लॅन लिहून घेतले होते, पहिले काही आठवडे लोक जास्त टिकले, पण कोर्स पूर्ण करणारे काही वाढले नाहीत. मला तरी याचं नवल वाटत नाही, जानेवारीत लिहिलेल्या प्लॅनमध्ये मार्च एंडिंगची रात्री दहापर्यंतची ड्युटी, पोरांच्या परीक्षा, सासऱ्यांचं ऑपरेशन कुठून येणार, तो दर रविवारी नव्याने लिहायला लागतो.