खालच्या विभागांचा मॅनेजर: स्कॉटिश फुटबॉलमधील एका पेशाची पार्श्वभूमी

स्कॉटलंडच्या खालच्या विभागांत खेळून तेथेच मॅनेजर झालेल्या माणसाची कारकीर्द कागदावर वाचली, तर ती गावांची यादी वाटते. फाइफ परगण्यातील डिक कॅम्पबेल या ज्या मॅनेजरच्या संदर्भात हे टिपण आहे, त्याची यादी या शतकापुरती तरी अशी आहे: ब्रेकिन, ग्लासगोमधील पार्टिक थिसल, उत्तरेकडील रॉस काउंटी, फॉरफर, आर्ब्रोथ आणि शेवटी मेथिलचा ईस्ट फाइफ. ब्रेकिनला त्याने २००२ ते २००५ या काळात तीन वेळा बढती (म्हणजे वरच्या विभागात जागा) मिळवून दिली, थिसलला २००६ मध्ये पेनल्टीवर वर नेले आणि २००७ या एकाच वर्षात त्याची दोन पदे सुटली. फॉरफरमध्ये सात वर्षे काढल्यानंतर डिसेंबर २०१५ मध्ये त्याला काढून टाकण्यात आले, आणि तीनच महिन्यांनी शेजारच्या आर्ब्रोथने त्याला बोलावून घेतले.

अशा माणसासाठी इंग्रजीत ‘जर्नीमन’ हा शब्द वापरतात आणि आपल्याकडे त्याचे भाषांतर ‘भटका’ किंवा ‘फिरस्ता’ असे केले जाते. ते चुकीचे आहे. या शब्दाचा प्रवासाशी मूळ संबंध नाही; दिवसभराच्या कामासाठीच्या फ्रेंच शब्दावरून तो आला आणि कारागिरांच्या संघांत उमेदवारी पूर्ण केलेला, पण स्वतःचे दुकान नसलेला, रोजावर काम करणारा कारागीर असा त्याचा अर्थ होता. म्हणजे त्यात काम शिकून झाल्याची कबुलीही आहे आणि मालकी नसल्याची नोंदही. आणि फिरण्याविषयीच बोलायचे, तर वरील यादीतील ब्रेकिन, फॉरफर आणि आर्ब्रोथ ही तिन्ही गावे अँगस या एकाच परगण्यात, एकमेकांपासून मोटारीने अर्ध्या-पाऊण तासाच्या आत आहेत. लाख-सव्वा लाख वस्तीच्या या परगण्यात माँट्रोज धरून चार क्लब आहेत. येथील खेळाडू बहुतेक अर्धवेळ असतात: दिवसा नोकरी, आठवड्यातून दोन संध्याकाळी सराव, शनिवारी सामना. त्यामुळे मॅनेजरचे पहिले भांडवल म्हणजे कोणता सुतार, कोणता शिक्षक किंवा कोणता वीजतंत्री कामावरून सुटून सहा-साडेसहापर्यंत मैदानावर पोहोचू शकतो, याची माहिती. ही माहिती परगणा सोडला की निरुपयोगी होते, म्हणून असे मॅनेजर क्लब बदलतात, पण फार दूर जात नाहीत.

या पेशाचा दूरचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. लीग १८९० मध्ये सुरू झाली, तीन वर्षांनी दुसरा विभाग आला आणि त्याच वर्षी खेळाडूंना उघडपणे पैसे देण्यास मान्यता मिळाली. १९७५ मध्ये दोनाचे तीन विभाग झाले, १९९४ मध्ये तीनाचे चार. मध्यंतरी वेगळी झालेली वरची लीग आणि खालचे विभाग २०१३ मध्ये पुन्हा एका छत्राखाली आले आणि एकूण ४२ क्लबांची आजची रचना स्थिरावली. मॅनेजरच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट मात्र वेगळी होती. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत तळाच्या विभागात शेवटचा आलेला संघ कोठेच पडत नसे, कारण त्याच्या खाली पडायला जागाच नव्हती. नवे क्लब मतदानाने घेतले जात: १९९४ मध्ये दोन, २००० मध्ये पीटरहेड आणि एल्गिन, आणि त्यानंतर कोणी बुडाले तर त्याच्या जागी एखादा. २०१४-१५ च्या हंगामापासून हायलँड आणि लोलँड या प्रादेशिक लीगांच्या विजेत्यांसाठी दार उघडले, आणि २०१६ मध्ये ईस्ट स्टर्लिंगशायर हा त्या दारातून बाहेर पडलेला पहिला क्लब ठरला. तळाच्या मॅनेजरची नोकरी तेव्हापासून खऱ्या अर्थाने धोक्याची झाली.

ही शिडी जेमतेम रुजत असतानाच एप्रिल २०२० चा निर्णय आला, आणि खालच्या विभागांतील कोणत्याही कारकिर्दीचा हिशेब त्याच्याशिवाय लागत नाही. १३ मार्च रोजी साथीमुळे सामने थांबले. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात लीगच्या व्यवस्थापनाने क्लबांपुढे ठराव मांडला की खालचे तीन विभाग तत्काळ संपवावेत, प्रत्येक सामन्यामागील सरासरी गुणांवर अंतिम क्रम लावावा आणि त्यानुसार बढती व घसरण करावी. याच ठरावाला पैशाची गाठ मारलेली होती: क्रम अंतिम झाल्याशिवाय बक्षिसाची रक्कम वाटता येणार नाही, असे सांगण्यात आले. तिकीटविक्री बंद पडलेल्या, हिशेबनीस आणि माळी एकच असणाऱ्या क्लबांना ती रक्कम हवीच होती. कर्जाऊ उचल देऊन ही कोंडी फोडता आली असती, असे विरोधकांचे म्हणणे होते. ते पूर्णपणे फेटाळण्याजोगे प्रस्तुत लेखकाला तरी वाटत नाही.

मतांसाठी नियमाने २८ दिवस होते, पण उत्तर शुक्रवार १० एप्रिलच्या संध्याकाळी पाचपर्यंत मागण्यात आले. दुसऱ्या विभागातील दहापैकी आठ मते आवश्यक होती. संध्याकाळी आकडे जाहीर झाले तेव्हा बाजूने सात आणि विरोधात दोन मते होती. एक मत बेपत्ता होते. ते मत डंडी शहरातील एका क्लबचे. त्या क्लबने मुदतीपूर्वी नकाराचा ईमेल पाठवला होता, तो व्यवस्थापनाच्या हाती वेळेत पडला नाही, मग क्लबनेच तो विचारात घेऊ नये असे कळवले, आणि पाच दिवसांनी, १५ एप्रिल रोजी, त्याच क्लबने होकार दिला. ठराव मंजूर झाला. व्यवस्थापनाने नेमलेल्या तपासणीत गैरप्रकार आढळला नाही, आणि स्वतंत्र चौकशीची मागणी १२ मे रोजीच्या बैठकीत १३ विरुद्ध २७ मतांनी फेटाळली गेली. एकदा दिलेला नकार मागे घेता येतो की नाही, हा मूळ प्रश्न मात्र आकड्यांखाली दबून गेला.

परिणाम पाहिले तर या ठरावाचा काटेकोरपणाच त्याचा दोष ठरतो. दुसऱ्या विभागात पार्टिक थिसलचे २७ सामन्यांत २६ गुण होते आणि त्यांच्या वरच्या संघाचे २८ सामन्यांत २८. म्हणजे दोन गुणांचे अंतर, हातात एक जादा सामना आणि तब्बल नऊ सामन्यांचा हंगाम शिल्लक. तरीही थिसल खाली गेले. तिसऱ्या विभागात रेथ रोव्हर्स एका गुणाने पुढे असल्याने वर गेले आणि फॉल्कर्क मागे राहिले. त्या विभागातून बाहेर पडायला त्यांना २०२४ उजाडावे लागले. स्ट्रॅनरारही खाली ढकलले गेले. पुढच्या महिन्यात वरचा विभागही संपवला गेला आणि हार्ट्सची घसरण झाली. थिसल आणि हार्ट्स न्यायालयात गेले; न्यायालयाने प्रकरण लवादाकडे सोपवले आणि २७ जुलै रोजी लवादाने त्यांच्या विरोधात निकाल दिला. दरम्यान विभागांची फेररचना करून कोणालाच न पाडण्याचा प्रस्तावही क्लबांनी जूनमध्ये नाकारला होता.

याच निर्णयाची दुसरी बाजू तितकीच बोलकी आहे. सरासरीने घसरण लागू झाली ती तळाचा विभाग सोडून. हायलँडचा विजेता ब्रोरा आणि लोलँडचा विजेता केल्टी यांना वर येण्यासाठीचे सामने खेळायलाच मिळाले नाहीत आणि शेवटच्या क्रमांकावरचा ब्रेकिन जागेवर राहिला. सभासदांच्या मतांनी झालेल्या निर्णयात सभासद वाचला आणि दाराबाहेर उभा असलेला बाहेरच राहिला, असे म्हटले तर ते अन्यायाचे होणार नाही. वर्षभराने केल्टीने ब्रेकिनला हरवून ती जागा मैदानावर घेतली. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी तीन बढत्यांचा मान मिळवलेला क्लब हायलँड लीगमध्ये गेला.

अँगसच्या किनाऱ्यावर आर्ब्रोथ या सगळ्यात दुसऱ्या विभागात पाचव्या स्थानी सुखरूप होते. फाइफच्या या मॅनेजरने जुळ्या भावाला सहायक म्हणून सोबत घेऊन २०१७ मध्ये चौथा आणि २०१९ मध्ये तिसरा विभाग जिंकला होता. गेफील्ड हे त्यांचे मैदान उत्तर समुद्राला इतके लागून आहे की वाऱ्याचा हिशेब केल्याशिवाय तेथे लांब पास देता येत नाही. १८८५ मध्ये याच क्लबने ३६-० असा सामना जिंकल्याची नोंद पाहुण्यांना हमखास ऐकवली जाते. २०२१-२२ च्या हंगामात हा अर्धवेळ संघ पूर्णवेळ पगारदारांच्या विभागात बराच काळ अव्वल राहिला. २२ एप्रिल २०२२ रोजी किलमारनॉकमध्ये अखेरच्या मिनिटांतील गोलामुळे तो २-१ असा हरला आणि विजेतेपद तेथेच गेले. अंतिम तक्त्यात अंतर दोन गुणांचे होते, ६७ विरुद्ध ६५. त्यानंतरच्या बढतीच्या सामन्यांत इनव्हर्नेसविरुद्ध दोन्ही लढतींत एकही गोल झाला नाही आणि पेनल्टीवर सारे संपले.

त्या हंगामाच्या कौतुकात एक गोष्ट दुर्लक्षित राहिली: यश आले की अर्धवेळ संघाचे चांगले खेळाडू पूर्णवेळ करारावर निघून जातात, आणि त्यांच्या जागी पुन्हा अर्धा-पाऊण तासाच्या परिघातच शोध घ्यावा लागतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये मॅनेजरने आर्ब्रोथ सोडले आणि काही महिन्यांत क्लब तिसऱ्या विभागात आला. २०२५ मध्ये आर्ब्रोथने तो विभाग जिंकला, तो संघातीलच दोन खेळाडूंकडे संयुक्तपणे मॅनेजरपद देऊन. खेळता खेळता मॅनेजर होण्याची जुनी वाट अजून बंद झालेली नाही. त्याच वसंतात त्यांचा जुना मॅनेजर, वयाच्या ७१ व्या वर्षी, ईस्ट फाइफला बढतीच्या सामन्यांतून त्याच तिसऱ्या विभागात घेऊन आला.