चरबी घामातून जात नाही, ती श्वासातून जाते

बेळगावच्या टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत मी रोज पहाटे फिरायला जातो. तिथे हल्ली प्लास्टिकचं जाकीट घालून पळणारे बरेच दिसतात. परवा असाच एक तरुण निथळत आला आणि म्हणाला, "काका, आज पाऊण किलो चरबी गाळली." त्यानं गाळलं होतं ते पाणी. आपल्याकडच्या तालमीतल्या पैलवानांना हे पक्कं ठाऊक असतं. वजनगटात बसण्यासाठी ते स्वेटर घालून पळतात, दोन किलो उतरवतात आणि वजन झाल्यावर पाणी पिऊन ते भरून काढतात.

मग चरबी जाते कुठे? रुबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन या ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि व्यायाम प्रशिक्षक यांना हेच विचारलं होतं. निम्म्याहून अधिक जणांनी "तिची ऊर्जा होते" असं उत्तर दिलं. 2014 साली त्यांचा लेख ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. शाळेत शिकलेला द्रव्य अक्षय्यतेचा नियम आठवा. ऊर्जा मिळते ती रासायनिक बंधांतून, अणू मात्र शिल्लक राहतात. ते शरीराबाहेर पडायलाच हवेत.

चरबीच्या सरासरी रेणूत 55 कार्बन, 104 हायड्रोजन आणि 6 ऑक्सिजनचे अणू असतात. तो जळायला ऑक्सिजनचे 78 रेणू लागतात आणि त्यातून कार्बन डायऑक्साइडचे 55 आणि पाण्याचे 52 रेणू तयार होतात. म्हणजे 10 किलो चरबीसाठी 29 किलो ऑक्सिजन आत घ्यावा लागतो. चरबीचा एकेक अणू कोणत्या वाटेनं गेला याचा हिशेब मांडला, तर त्या 10 किलोंपैकी 8.4 किलो फुप्फुसांतून बाहेर पडतात. उरलेल्या 1.6 किलोंचं पाणी होतं. ते लघवी, घाम, वाफ अशा कोणत्याही वाटेनं जातं.

मला यातला सर्वात सुंदर वाटतो तो मधला प्रवास. खाणं गरजेपेक्षा कमी पडलं की रक्तातलं इन्सुलिन उतरतं. इन्सुलिन हे मेदपेशीच्या दाराचं कुलूप. ते सैल झालं की आतली विकरं, म्हणजे एन्झाइम्स, ट्रायग्लिसराइड म्हणजे साठवलेल्या चरबीचे रेणू फोडतात आणि मेदाम्लं सुटी होतात. ही मेदाम्लं पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन त्यांना पाठीवर घेऊन स्नायूंपर्यंत नेतं. तिथे कार्निटिन हा वाहक रेणू त्यांना पेशीतल्या तंतुकणिकेच्या, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाच्या, आत पोहोचवतं. आत गेल्यावर लांब साखळीतून दोन-दोन कार्बनचे तुकडे तोडले जातात. प्रत्येक तुकडा क्रेब्ज चक्र या रासायनिक क्रियांच्या साखळीत शिरतो आणि त्यातले कार्बन ऑक्सिजनशी जोडले जाऊन बाहेर पडतात. मेदपेशी मरत नाही, नुसती रोडावते.

म्हणून कोणी "जोरजोरात श्वास घ्या, पोट उतरेल" असं सांगत असेल, तर ते खोटं आहे. जोरात श्वास सोडल्यानं रक्तात आधीच असलेला कार्बन डायऑक्साइड भरभर निघून जातो आणि चक्कर येते. नवा वायू पेशींना ऊर्जा लागेल तेवढाच तयार होतो. चरबी वितळवणारे पट्टे आणि चहाच्या पुड्या विकणाऱ्यांना तर यातली एकही पायरी सांगता येणार नाही.

शरीरातल्या 1 किलो मेदात साधारण 7700 किलोकॅलरी असतात. रोज 500 ची तूट ठेवली तर सुरुवातीला तो किलो उतरायला दोन आठवडे लागतात. पुढे वेग मंदावतो, कारण हलक्या शरीराला ऊर्जा कमी लागते. फोडणीतल्या एका मोठ्या चमचाभर शेंगतेलात सुमारे 120 किलोकॅलरी असतात. तेवढ्या जाळायला झपाझप अर्धा तास चालावं लागतं.

पहिल्याच आठवड्यात तीन किलो उतरले म्हणून हुरळून जाणारे असतात. त्यातलं बरंचसं वजन ग्लायकोजेनचं, म्हणजे यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या साखरेचं, आणि त्याला धरून राहिलेल्या तिप्पट पाण्याचं असतं. उलट लग्नाच्या पंगतीत मांडे आणि कुंदा खाऊन दुसऱ्या दिवशी काटा दीड किलो पुढे गेला, तर तीही चरबी नव्हे. 1 किलो मेद साठायला गरजेपेक्षा 7700 किलोकॅलरी जास्त पोटात जाव्या लागतात, आणि एवढं एका पंगतीत कोणाला खाता येत नाही.