पगार देणारा व्हिलन आणि फौज उधळणारा व्हिलन

"आपणच व्हिलन असतो, आणि लय हसवतो तो गेम" एवढंच सांगितलं की ऐकणारा कधी 'डंजन कीपर' समजतो, कधी 'ओव्हरलॉर्ड'. घोळ होण्यासारखं आहेच. दोन्हींत आपण अंधाराचे मालक. दोन्हींत हाताखाली किरकिऱ्या आवाजाची चिल्लीपिल्ली, आणि कानाशी सतत बोलणारा एक सल्लागार. एकात भुयाराला हृदय असतं, दुसऱ्यात मनोऱ्याला. त्यात भर म्हणजे 'ओव्हरलॉर्ड' नावाची एक जपानी अ‍ॅनिमे मालिकाही आहे. नाव शोधायला गेलं की आधी तीच समोर येते, पण तिचा या गेमशी काही संबंध नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भाचा अमळनेरहून चोपड्याला आमच्याकडे आला होता. दुपारी अंगणात पाय ठेववत नव्हता, म्हणून मांडे-आमरस खाऊन आम्ही दोघं कूलरसमोर लॅपटॉप घेऊन बसलो. दोन्ही गेम थोडे थोडे दाखवले, तर तो म्हणाला, "मामा, ह्या दोन्ही येकच शेतस ना?"

मी त्याला सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, उदाहरण दिलं. आपल्याकडे सालदाराचं साल आखाजीला संपतं. त्या दिवशी मालक हिशेब चुकता करतो. दोघांचं जमलं तर पुढचं साल ठरतं, नाही जमलं तर सालदार दुसऱ्याच्या शेतावर जातो. डंजन कीपर हा असा हिशेबाचा गेम आहे. ओव्हरलॉर्डमध्ये हिशेब नाही, पगार नाही, साल नाही. तिथे फक्त हुकूम आहे.

डंजन कीपर 1997 साली आला. इंग्लंडच्या बुलफ्रॉग कंपनीचा, पीटर मॉलिन्यू यांच्या हाताखाली घडलेला. यात आपल्याला शरीरच नाही. पडद्यावर दिसतो तो फक्त एक हात. त्या हातानं खुणा करायच्या आणि इम्प नावाच्या छोट्या खणकऱ्यांनी माती खणायची, सोनं काढून खजिन्यात टाकायचं. मग खोल्या बांधायच्या: निजायला जागा, कोंबड्यांचं खुराडं, तालीमखाना, ग्रंथालय, कारखाना. या सोयी बघून दारातून एकेक प्राणी येतो. वॉरलॉक नावाचा जादूगार येऊन पुस्तकं चाळत बसतो, ट्रोल कारखान्यात सापळे आणि दरवाजे ठोकतो. माशी आणि कोळी यांचं हाडवैर, त्यांना शेजारी ठेवलं की मारामारी ठरलेली. बाइल डेमन म्हणजे नुसता पोटाचा गोळा, खुराड्यातल्या जिवंत कोंबड्या त्याला पुरत नाहीत.

आणि पगाराचा दिवस येतो. सगळे हातातलं काम टाकून खजिन्याकडे चालू लागतात. इम्प तेवढे बिनपगारी, बाकी प्रत्येकाला सोनं मोजून द्यावं लागतं. खजिना रिकामा असेल तर प्राणी चिडतात, काम सोडतात आणि शेवटी भुयारच सोडून जातात. भाच्याचं पहिल्याच दुपारी हेच झालं. त्यानं सगळं सोनं मोठमोठ्या खोल्यांत घातलं होतं. पगाराला प्राणी आले, मोकळ्या फरशीवर उभे राहिले आणि एकेकाच्या डोक्यावर रागाची खूण दिसू लागली. तो माऊस सोडून माझ्याकडे बघायला लागला.

त्या हाताबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण सगळी गंमत तिथे आहे. प्राण्याला बखोटीला धरून उचलता येतं आणि नेऊन कोंबड्यांत सोडता येतं. उजवं बटण दाबलं की चापट बसते. चापट खाल्लेला प्राणी भराभर काम करतो, पण त्याची ताकद घटते. म्हणजे मारण्यालाही किंमत आहे, ती ध्यानात ठेवावी लागते. दहा मिनिटं खेळलं की आपण राक्षसांच्या जेवणाची, झोपेची, भांडणांची काळजी करत बसलेले असतो. सैतानाचा संसार चालवणं हाच यातला विनोद, आणि मला तो आजही फार आवडतो.

इथे वाईट व्हायचं की नाही हा प्रश्नच येत नाही. जिंकायच्या मुलखांची नावं एव्हरस्माइल, टिकल, स्नगलडेल अशी गोडगोड, आणि आपलं काम त्यांची वाट लावण्याचं. पकडलेला वीर तुरुंगात उपाशी मेला की सांगाडा होऊन आपल्याच फौजेत उभा राहतो, किंवा छळखोलीत हार मानून आपल्या बाजूला येतो. मधूनमधून सूचना देणारा जाडाभरडा आवाज रिचर्ड रिडिंग्ज यांचा. पुढे 'पेपा पिग'मधल्या डॅडी पिगलाही त्यांनीच आवाज दिला. भाचा तेच कार्टून बघत मोठा झालाय. हे कळल्यावर त्यानं गेम थांबवून तीच सूचना परत ऐकली.

आता ओव्हरलॉर्ड. हा दहा वर्षांनी, 2007 साली आला. नेदरलँड्सच्या ट्रायम्फ स्टुडिओजनं तो बनवला आणि संवाद-कथा रियाना प्रॅचेट यांनी लिहिली. इथे आपल्याला शरीर आहे: चिलखत, शिरस्त्राण, हातात शस्त्र. आपण आपल्या पायांनी मुलूखभर हिंडतो. वरून बघणारा मालक इथे नाही, फौजेबरोबर चालणारा नायक आहे.

फौज म्हणजे मिनियन. रंग चार. तपकिरी धडक मारणारे, तांबडे लांबून आग फेकणारे, हिरवे विष पचवून पाठीमागून झडप घालणारे, निळे पोहणारे आणि मेलेल्या मिनियनांना पुन्हा उठवणारे. पाण्यात फक्त निळ्यांनाच उतरवायचं, बाकीचे बुडतात. ठेलारी मेंढपाळांचा कळप रस्त्यावरून जाताना बघितलाय ना? पुढचं एक वळलं की मागची सगळी रांग वळते. तशी ही फौज आपल्या इशाऱ्यावर शेतातून, घरातून, वाड्यातून वाहत जाते. जाताना मडकी फोडते, सापडेल ते डोक्यावर चढवते. भोपळाही चालतो. एखादा मिनियन पोकळ भोपळ्याचं शिरस्त्राण घालून ऐटीत लढताना दिसला की त्याला मरू द्यावंसं वाटत नाही. सोनं सापडलं तर धावत आणून आपल्यापुढे ठेवतात, स्वतःसाठी काही मागत नाहीत. मेले तर नवे जन्माला घालायचे. त्यासाठी लागते जीवशक्ती, आणि ती मेंढ्या मारूनही मिळते.

व्हिलनपणाची गोष्टही इथे निराळी आहे. आपल्या आधीच्या ओव्हरलॉर्डला सात वीरांनी संपवलं, पण आता ते वीरच सडलेत. हाफलिंग नावाच्या बुटक्या लोकांचा मेल्विन खादाडपणानं फुगलाय, बाकीच्यांचंही असंच काही ना काही. म्हणजे आपण वाईट, पण समोरचे 'चांगले' आपल्याहून फार बरे नाहीत. त्यातून निवड आपल्या हाती. स्प्री गावाचं धान्य हाफलिंगांकडून सोडवल्यावर ते भुकेल्या गावाला परत द्यायचं की स्वतःकडे ठेवायचं, हे आपण ठरवतो. गेम या गोष्टींची भ्रष्टपणा म्हणून नोंद ठेवतो. त्याप्रमाणे आपलं रूप, मनोरा आणि शेवट बदलतो. डंजन कीपर असं काही विचारत नाही. मालक होऊन भुयार चालवा, एवढंच त्याचं म्हणणं.

म्हणून कुणी "त्यात मी गावाला वाचवलं" म्हणालं तर तो ओव्हरलॉर्ड. "त्यात माझे प्राणी पगारावरून पळाले" म्हणालं तर डंजन कीपर. एवढ्यावरून ओळख पटते.

खेळायला घेताना दोन-तीन गोष्टी. दोन्ही जुने आहेत, साध्या लॅपटॉपवर चालतात. गेम विकणाऱ्या साइटवर मिळतात: डंजन कीपर जीओजीवर, ओव्हरलॉर्ड स्टीमवर. 2014 साली मोबाइलवर डंजन कीपर नावानंच जो गेम आला तो घेऊ नका. त्यात एक ठोकळा खणायला तासन् तास थांबा नाहीतर पैसे भरा, असा प्रकार होता, आणि त्याची 'फुकट' अशी जाहिरात ब्रिटनच्या जाहिरात नियामक संस्थेनं दिशाभूल करणारी ठरवली. जुन्या चवीचं पण नव्या रूपातलं हवं असेल तर 2015 चा 'वॉर फॉर द ओव्हरवर्ल्ड' आहे, सल्लागाराचा आवाजही तोच. ओव्हरलॉर्डचा दुसरा भाग 2009 चा. त्यात दयेला जवळपास जागाच नाही, गावांना गुलाम करायचं की उद्ध्वस्त करायचं एवढीच निवड.

वीज जाण्याच्या वेळा बघून मी स्वतः डंजन कीपर रात्री खेळतो. एक लेव्हल सहज तास-दीड तास खाते आणि मधेच उठवत नाही. ओव्हरलॉर्ड तुकड्यातुकड्यानं खेळता येतो.

भाचा चार दिवस राहिला. तिसऱ्या दिवशी त्यानं नवीन खोलीची जागा आखली, मग खजिन्याकडे बघितलं, आणि खोली तशीच ठेवून सगळे इम्प सोन्याकडे वळवले. संध्याकाळी ओव्हरलॉर्डमध्ये निळे मिनियन झेंड्यापाशी मागे उभे करून तो तपकिऱ्यांना पुढे सोडत होता. भोपळेवाला त्यानं निळ्यांच्या जवळच ठेवला होता.