बाळंतपणाची पूर्वतयारी (बेळगाव सीमाभाग)

गरोदर बाईला आणि तिच्या सोबतिणीला कळा, प्रसूती व त्यानंतरचे पहिले दिवस यांविषयी आधीच शिकवणे, आणि प्रसूतीच्या वेळी प्रशिक्षित माणूस जवळ असेल अशी व्यवस्था करणे, या दोन्हींचा बाळंतपणाच्या पूर्वतयारीत समावेश होतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या तालुक्यांतल्या मराठी घरांत बाळंतपणाची तयारी नवी नाही. सातव्या महिन्यात ओटी भरतात, पहिलटकरीण माहेरी येते, डिंक, अळीव, खोबरे डब्यांत भरून ठेवतात, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवतात. मात्र ही सारी तयारी बाळ झाल्यानंतरच्या सव्वा महिन्याची. कळा सुरू झाल्यापासून वार पडेपर्यंतचे तास ‘सुईण बघून घेईल’ म्हणून सोडून दिलेले असत. आता सुईणीच्या जागी दवाखाना आला, तरी त्या तासांत काय होते हे बहुतेकींना आधी कोणी सांगत नाही.

भीतीने अंग आखडते आणि आखडलेल्या अंगाला कळ जास्त लागते, हा विचार इंग्लंडमधील ग्रँटली डिक-रीड यांनी १९३३ मध्ये मांडला. १९५१ च्या सुमारास फ्रान्समध्ये फर्नांड लामाझ यांनी रशियातली पद्धत आणून श्वासाच्या शिकवणीला आकार दिला. सोबतीचा पुरावा त्याहून भक्कम आहे. १७ देशांतील २६ चाचण्यांचा आढावा २०१७ मध्ये निघाला. त्यात प्रसूतीभर कोणीतरी सतत जवळ असलेल्या बायकांत नैसर्गिक प्रसूती जास्त आणि सिझर कमी आढळले. भारत सरकारने २०१६ मध्ये सरकारी दवाखान्यांत प्रसूतिसोबतिणीला परवानगी दिली. ती घरातली बाई असावी, शक्यतो स्वतः बाळंतपण झालेली, आणि तिला संसर्गाचा आजार नसावा, अशी अट आहे. खोलीत दाटीवाटीने टाकलेल्या खाटा आणि मधे पडदा नाही, एवढ्या कारणावरून ही परवानगी अनेकदा कागदावरच राहते. म्हणून सोबत कोण राहणार, हे आठव्या महिन्यातच दवाखान्यात विचारून ठेवावे.

सोबतिणीचे काम धीर देण्यापुरते नसते. कळ येताच माकडहाडाच्या चार बोटे वर तळहाताच्या टाचेने दाबून धरायचे आणि कळ ओसरली की सोडायचे. आधी तेलाचे बोट फिरवावे, नाहीतर तासाभरात कातडी सोलवटते. बाईला पाठीवर उताणे झोपू देऊ नये. गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडतो, चक्कर येते आणि बाळाला रक्त कमी मिळते. डाव्या कुशीवर झोपणे, खाट धरून पुढे वाकणे, चालणे हे चालते. श्वास नाकातून चार मोजत आत घ्यायचा आणि तोंडातून सहा ते आठ मोजत सोडायचा. गरम चहावर फुंकर घालतो तसा, चुलीत फुंकणी फुंकतो तसा नव्हे. घाबरून भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, बोटांना मुंग्या येतात, ओठ बधिर होतात, आणि घरचे ‘हिला काहीतरी झालं’ म्हणून ओरडू लागतात. सोबतिणीने समोर बसून मोठ्याने आकडे मोजले तर श्वास ताळ्यावर येतो.

सर्वांत मोठा गैरसमज वेळेचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सक्रिय प्रसूतीची सुरुवात गर्भाशयाचे तोंड ५ सेंटिमीटर उघडल्यापासून धरली. त्याआधीच्या मंद कळा दिवसभर चालल्या तरी बिघडले असे नाही. पुढचा टप्पा पहिलटकरणीला सहसा १२ तासांच्या आत, दुसऱ्या खेपेला १० तासांच्या आत संपतो. तोंड पूर्ण म्हणजे १० सेंटिमीटर उघडण्याआधी जोर करायला लावले तर ते सुजते आणि बाई ऐन वेळी थकते. लवकर सुटका व्हावी म्हणून घरी ‘कळांचे इंजेक्शन’ (ऑक्सिटोसिन) घेणे याहून घातक. त्याने गर्भाशय फुटू शकते. हेच ऑक्सिटोसिन बाळ बाहेर आल्यावर १० युनिट स्नायूत दिले, की रक्तस्राव आटोक्यात राहतो.

रक्तस्रावाच्या बाबतीत या जिल्ह्याचे नाव जगभर गेले आहे. बेळगावच्या खेड्यांत प्रसूतीनंतर गावोगावच्या सहायक परिचारिकांनी (एएनएम) गर्भाशय आकसवणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या तोंडाने, ६०० मायक्रोग्रॅम, दिल्या. १,६२० बायकांवरील या चाचणीचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. नजरेने अंदाज फार चुकतो, म्हणून रक्त मोजायला खुणांची प्लास्टिकची पिशवी वापरली होती. अर्धा लिटरच्या पुढे गेले की धोका समजतात.

तपासणीच्या कागदांत सीमेचा घोळ येतो. कर्नाटकात ‘तायी कार्ड’ मिळते. कन्नडमध्ये तायी म्हणजे आई, मराठी कानाला मात्र ते ‘ताई कार्ड’ वाटते आणि तसेच म्हटलेही जाते. चंदगड, गडहिंग्लज, कागलकडे दिलेल्या मुली माहेरी येतात, तेव्हा त्यांच्याकडे महाराष्ट्राचे माता-बाल संरक्षण कार्ड असते. नवे कार्ड केले तरी जुने टाकू नये. रक्तगट, हिमोग्लोबिन, रक्तदाब आणि सोनोग्राफीवरची तारीख त्यातच असते. प्रसूतीसाठी सरकारी दवाखान्यात मोफत सेवा देणारा जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून दोन्ही राज्यांत लागू आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. १०८ ला फोन करताना गाव, तालुका आणि जिल्हा तिन्ही सांगावेत, कारण एकाच नावाची गावे सीमेच्या दोन्ही बाजूंना असतात.

ड्यूटीवरच्या सिस्टरला मराठी येत नसेल तर पाच शब्द पुरतात: हेरिगे (प्रसूती), बेने (कळ), नीरु (पाणी), उसिरु (श्वास), कूसु (बाळ).

लोहाची गोळी ६० मिलिग्रॅम, चौथ्या महिन्यापासून रोज १, किमान १८० दिवस. कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. दोन्ही एकत्र घेतल्यास लोह अंगी लागत नाही, म्हणून मध्ये दोन तास ठेवावेत. चहाबरोबर तर गोळी घेऊच नये. रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन २८ व्या आठवड्यात, आणि बाळ पॉझिटिव्ह निघाल्यास प्रसूतीनंतर ७२ तासांत. तंबाखूच्या निपाणी पट्ट्यात विड्या वळणाऱ्या आणि सकाळी मिश्री लावणाऱ्या बायका बऱ्याच. मिश्रीचे निकोटिन हिरडीतून थेट रक्तात जाते आणि बाळाचे वजन घटते. ‘धूर कुठे ओढते मी?’ हे उत्तर येथे फोल ठरते.

पहिलटकरणीने कळा दर ५ मिनिटांनी, प्रत्येकी मिनिटभर, अशा तासभर टिकल्या की निघावे, दुसरटकरणीने त्याआधीच. पाणी गेले, रक्त दिसले, डोके फार दुखून अंधारी आली, हातपाय-तोंड सुजले किंवा बाळ हलायचे कमी झाले, तर कळांची वाट पाहू नये. खानापूरच्या जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात पावसाळ्यात ओढे वाट अडवतात, तेव्हा ३८ व्या आठवड्यातच बेळगाव किंवा खानापुरातल्या नातेवाइकांकडे मुक्काम हलवावा. पिशवीत कार्ड, आधार, बँकेचे पासबुक, धुतलेली सुती लुगडी, गरम दुपटी आणि रक्तदात्या दोघांचे फोन नंबर असावेत.

बाळ झाल्यावर नाळ किमान एक मिनिट थांबून कापावी आणि तासाभरात चीक पाजावा. तो पिळून टाकण्याची चाल काही घरांत अजून आहे. बाळंतिणीचे पाणी तोडून तिला नुसता पांढरा भात देण्याचा पथ्याचा प्रकारही आहे. अशा आयांच्या अंगावरच्या दुधावर वाढणाऱ्या काही तान्ह्यांत थायमिन कमी पडून हृदय अचानक निकामी होऊ लागल्याची प्रकरणे कर्नाटकातल्या बालरोगतज्ज्ञांनी नोंदवली आहेत. तिच्या ताटात डाळ, भाकरी आणि पालेभाजी पहिल्या दिवसापासून असावी.