पीएचआय तोंडपाठ, पण बायका बागेत कधी सोडायच्या?

सांगली जिल्ह्यातल्या तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ भागातल्या कुठल्याही द्राक्ष बागायतदाराला एखाद्या औषधाचा पीएचआय, म्हणजे काढणीआधी किती दिवस ते मारायचं नाही, हे विचारा, दिवसांचा आकडा लगेच मिळेल. मग विचारा, आज संध्याकाळी हे मारलं तर उद्या विरळणीची, म्हणजे घडातले मणी कमी करणाऱ्या बायकांची टोळी किती वाजता आत सोडायची? 'वाळलं की झालं' हे नेहमीचं उत्तर. काही जण तर एकाच आकड्यात दोन्ही उरकतात : 'पाच दिवसांचंच औषध आहे, हलकं आहे, जाऊ द्या बायकांना.' घोळ होतो तो इथं.

पीएचआय म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांच्यामधले दिवस. द्राक्ष खाणाऱ्याच्या पोटात औषधाचा ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त अंश जाऊ नये, एवढंच त्याचं काम. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशापायी आपली द्राक्षं युरोपात अडकली आणि हा आकडा सगळ्यांच्या अंगवळणी पडला. आता निर्यातीच्या मालाचे नमुने प्रयोगशाळेत गेल्याशिवाय कंटेनर हलत नाही. चांगलंच आहे ते.

बागेत परत शिरण्याची मुदत वेगळी. ती बहुधा तासांत मोजतात आणि ती बागेत राबणाऱ्यासाठी असते. पानावर बसलेलं औषध हाताला, मानेला किती पुसलं जातं आणि कातडीतून आत गेलं तर काय करतं, यावर ती ठरते. अमेरिकेत ती लेबलवर छापावीच लागते. तिथल्या द्राक्षाच्या लेबलांवर मँकोझेब या बुरशीनाशकाला काढणीआधी 66 दिवस आणि बागेत शिरायला 24 तास लिहिलेले असतात. गंधकाला काढणीआधी शून्य दिवस, तरी शिरायला तेच 24 तास, कारण गंधक डोळ्यांना आणि कातडीला झोंबतं. म्हणजे पीएचआय शून्य असला तरी टोळी लगेच आत सोडता येत नाही.

ऑक्टोबर छाटणीनंतरची पेस्ट घ्या. डोळे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाईड काडीवर लावतात तेव्हा झाडावर घडच नसतो. काढणीला तीन-चार महिने असतात, त्यामुळे रेसिड्यूची, म्हणजे मालात उरणाऱ्या अंशाची चिंता कुणालाच नसते. पण लावणाऱ्या गड्याच्या हाताला ते थेट लागतं. संध्याकाळी त्यानं थोडी घेतली की तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, उलट्या होतात. लोक म्हणतात, जास्त झाली. खरं तर हे रसायन दारू पचवणारी यंत्रणाच अडवतं. त्या दिवसांत एक पेगही महागात पडतो.

विरळणीचं आणखी अवघड आहे. थंडीत सकाळी पानांवर दव असतं आणि वाळलेलं औषध त्यात पुन्हा विरघळतं. घड डोक्याच्या उंचीला, हात सतत वर. नवऱ्याचा जुना फुल शर्ट घातलेला असतो, त्याच्या बाह्या तासाभरात कोपरापर्यंत ओल्या होतात आणि तशाच अंगावर वाळतात. हातमोज्यांनी कात्री नीट चालत नाही, आणि काम उक्तं असलं की हातमोजे पहिल्या ओळीतच निघतात. त्यात बायकांना दोष देण्यासारखं मला काही दिसत नाही.

या टोळीत एखादी पोटुशी असू शकते, आणि तिला स्वतःलाही ते ठाऊक नसेल. गर्भाच्या मेंदू-मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर साधारण 28 दिवसांत बंद होते. तेव्हा पाळी चुकून फार तर दोन आठवडे झालेले असतात. सुरुवातीचे तीनेक महिने बाळ आईच्याच थायरॉईड संप्रेरकावर वाढतं, आणि मँकोझेबपासून तयार होणारं एथिलीन थायोयुरिया नेमकं थायरॉईडच्या कामात अडथळा आणतं. 2020 च्या डिसेंबरात युरोपीय संघानं मँकोझेबची परवानगी पुढं चालू ठेवायचं नाकारलं. प्रजननाला घातक हे त्यामागचं एक मोठं कारण होतं.

ऑरगॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांबद्दल कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास खोऱ्यातला अभ्यास आहे. तिथल्या शेतमजूर कुटुंबांतल्या गरोदर बायकांच्या लघवीत या औषधांचे अंश मोजले आणि पुढे मुलांची वाढ पाहिली. ज्यांच्यात अंश सर्वांत जास्त होते, त्यांच्या मुलांचा बुद्ध्यांक सातव्या वर्षी सर्वांत कमी अंशवाल्यांच्या मुलांपेक्षा सरासरी 7 गुणांनी कमी भरला. हे 2011 मध्ये प्रसिद्ध झालं. एवढ्यावरून एखाद्या मुलाबद्दल काही सांगता येत नाही. पण 'पोटुशी आहे कळल्यावर काम थांबवू' हा हिशेब उशिराचा आहे, एवढं नक्की.

म्हणून फवारणीची वही ठेवता त्यात आणखी एक रकाना पाडा : 'आत कधी सोडायचं'. लेबलवर मुदत असेल तर ती लिहा, नसेल तर निदान एक पूर्ण दिवस धरा. बागेच्या तोंडाला पाटीवर औषधाचं नाव आणि मारल्याची वेळ खडूनं लिहिली तर टोळीच्या मुकादमालाही कळेल. जमेल तिथं विरळणी आधी उरका, फवारणी मागून. अवकाळी पाऊस पडून डाऊनी या बुरशीच्या रोगाची भीती असली की हे गणित मोडतं, फवारणी थांबवता येत नाही. मग त्या दिवशी टोळी दुसऱ्या प्लॉटवर पाठवा, आणि दुसरा प्लॉट नसेल तर खाड्याचा पगार द्या.