कावळ्याच्या घरट्यात वाढलेला कोकीळ 'कुहू'च का करतो?

सध्या पहाटे साडेचारलाच आमच्या मागच्या आंब्यावर कोकीळ सुरू होतो, पहिलं कुहू खालच्या पट्टीत, मग दर वेळी सूर थोडा वर, अजून वर, आणि एकदम गप्प, की लगेच लांबून दुसरा उत्तर देतो. गातो तो नर बरं का, काळाकुट्ट, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, ठिपक्याठिपक्यांची, ती नुसतं किक-किक-किक करते.

आता हा अंड्यातून निघाला कावळ्याच्या घरट्यात, कावळिणीने भरवून मोठा केला, दिवसभर कानावर काव काव, मग याला कुहू शिकवलं कोणी?

कोणीच नाही! कोकिळेच्या कुळात आवाज जन्मजातच असतो. पण दयाळ, बुलबुल वगैरे गाणारी मंडळी ऐकून शिकतात, आणि खरी गंमत तिथेच आहे, कारण रानात इतके पक्षी एकदम ओरडत असताना नेमकं कोणाचं ऐकायचं हे पिल्लाला कसं समजतं?

अमेरिकेत पक्ष्यांच्या गाण्याचे अभ्यासक पीटर मार्लर यांनी व्हाईट-क्राउन्ड स्पॅरो या चिमणीसारख्या छोट्या पक्ष्याची पिल्लं हाताने वाढवली आणि त्यांना टेपवर आपल्या जातीचं आणि दुसऱ्या जातीचं अशी दोन्ही गाणी ऐकवली. पिल्लांनी आपलंच उचललं. पुढे कळलं की या जातीचं गाणं एका लांब शिट्टीने सुरू होतं आणि पिल्लाचं लक्ष त्या शिट्टीवर असतं, परक्या गाण्याच्या आधी ती जोडली तर पिल्लू तेही शिकतं! म्हणजे अख्खं गाणं घेऊन कोणी जन्माला येत नाही, येतो तो फक्त परवलीचा शब्द.

मला सगळ्यात भारी वाटतो तो तिकडचाच काऊबर्ड. हाही दुसऱ्यांच्या घरट्यात अंडी घालतो, दोनशेहून जास्त जातींच्या, पण कोकिळेसारखा नाही, याला गाणं शिकावं लागतं आणि घरात शिकवायला आपलं कोणीच नाही. मोठे काऊबर्ड एक चरचरीत, भरभर आवाज काढतात, तो शिकावा लागत नाही. 2001 च्या एका प्रयोगात जेमतेम 6 दिवसांच्या पिल्लांना तो ऐकवला तर ती इतर पक्ष्यांच्या आवाजापेक्षा त्यालाच जास्त चोच वासून प्रतिसाद देत होती, आयुष्यात एकही काऊबर्ड जवळून ऐकलेला नसताना! पुढे उडायला लागल्यावर हाच आवाज जिथून येतो तिथलं गाणं पिल्लू मनात साठवतं. प्रयोगात त्या चरचरीला परक्या जातीचं गाणं जोडून पाहिलं, तर तेही त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं.