धाब्याच्या घरामागचं गाव

शहरातून गावी परतायचं, आजोबांचं पडकं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, घर दुरुस्त करायचं, वर सोलर बसवायचं, गोठ्यात दोन गायी, परसात भाजीपाला आणि बाजारातून होईल तेवढं कमी आणायचं, हा विचार हल्ली खान्देशातही ऐकू येतो. मला तो मनापासून पटतो. फक्त ते घर मुळात कशाच्या जोरावर उभं राहिलं, हे आधी समजून घ्यायला हवं. ते एकट्याच्या बळावर कधीच उभं नव्हतं.

आधी घराकडेच पाहू. दगडी तळखड्यावर (बैठकीच्या दगडावर) खांब, खांबावर हस्त (आधाराचा आडवा तुकडा), त्यावर तुळई (मुख्य आडवं लाकूड), तुळईवर कड्या (आडवे वासे). कड्यांवर सागाच्या फळ्या किंवा फांद्यांचं किलचन (दाट अंथरण), त्यावर पाला नाहीतर तुराट्या, मग चिखलाचा थर आणि सगळ्यात वर खारी माती. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. घर किती खणांचं, यावरून घराण्याची ऐपत कळायची. यातली महत्त्वाची गोष्ट अशी की छताचा भार लाकडी सांगाडा पेलतो. मातीची जाड भिंत ही आडोशाला. म्हणून पडक्या घरांत भिंत खचलेली आणि धाबं मात्र खांबांवर तसंच उभं, असं दृश्य अनेकदा दिसतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात मराठवाड्यात हेच दिसलं. जिथे छत थेट दगडमातीच्या भिंतींवर टेकलं होतं तिथे माणसं गाडली गेली. जिथे लाकडी खण धड होते तिथे भिंती पडल्या तरी अनेक ठिकाणी सांगाडा उभा राहिला.

छत सपाट का, याचं उत्तर हवेत आहे. तापीच्या मैदानी पट्ट्यात वर्षाला साधारण ६५० ते ७५० मिलिमीटर पाऊस आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर. कोकणासारखं उतरतं छप्पर इथे गरजेचं नव्हतं, गरज होती ती उन्हाला अडवणाऱ्या जाड मातीची. धाबं हे कामाचं आवारही होतं. उडदाचे पापड, कुरडया, लाल मिरच्या, निवडलेली डाळ, सगळं वरच वाळायचं आणि उन्हाळ्यात घरातली माणसं वरच झोपायची.

मात्र या छताला एक जुनं दुखणं आहे. दरवर्षी मृगाच्या आधी गळती थांबवायला नवी खारी माती टाकायची, ही रीत. जुना थर काढून नवा टाकला तर ठीक, पण तेवढे कष्ट टाळून थरावर थर चढत गेले. मातीचा थर एक फूट झाला की एका चौरस मीटरवर कोरडा असतानाच सुमारे अर्धा टन भार येतो. भिजला की आणखी. मधोमध वाकलेली तुळई पाहून लोक म्हणतात, लाकूड म्हातारं झालं. बहुतेक वेळा ते म्हातारं नसतं, दबलेलं असतं. ज्या घरांत कडीचं टोक भिंतीत पुरलेलं असतं तिथे मात्र खरा धोका. भिंतीची ओल आणि उधई (वाळवी) तिथेच लागते. बाहेरून कडी ठणठणीत दिसते, ठोकली तर मधे भरीव आवाज येतो आणि भिंतीलगत पोचट. तिथे सळई टोचली की भुसा गळतो. नीट दुरुस्ती म्हणजे वरचा भार उतरवणं, टोकं तपासणं, कुजलेला भाग कापून जोड देणं. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नये, असं माझं ठाम मत आहे. आतली ओल बाहेर पडत नाही आणि ती लाकडाकडे वळते.

हे लाकूड आलं कुठून? उत्तरेला सातपुडा, पश्चिमेला नवापूर-डांगकडचं जंगल. १८१८ मध्ये खान्देश इंग्रजांच्या ताब्यात गेला. अशांतता शमवायला १८२५ मध्ये धरणगावला भिल्लांचीच भरती करून भिल्ल पलटण उभी राहिली, इंग्रज अधिकारी जेम्स आउट्रम तिचा प्रमुख. ओस पडलेल्या जमिनी हळूहळू पुन्हा नांगराखाली आल्या. मग १८६० च्या दशकात दोन गोष्टी एकदमच घडल्या. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (१८६१-६५) तिथला कापूस अडला, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापड गिरण्या इकडे वळल्या, भाव चढले. आणि त्याच दशकात रेल्वे भुसावळला पोचली. कपाशीचा पैसा आला तसा बऱ्यापैकी शेतकऱ्यांच्या घरांना माडी आणि नक्षीदार दरवाजे आले. ज्या घराला आपण आज स्वावलंबनाची खूण समजतो, त्यातली कितीतरी सागवानी श्रीमंती दूरच्या बाजारपेठेची देणगी आहे. जंगलाचं दारही त्याच सुमारास बंद होत गेलं. रेल्वेला सागवान लागत होतं, १८७८ चा वन कायदा आला, राखीव जंगलं आखली गेली आणि सातपुड्यातून सहज मिळणारं लाकूड परवान्याचं झालं. त्याची खरी झळ पावरा आणि भिल्ल समाजांना बसली. त्यांचं जगणंच त्या जंगलात होतं.

घराच्या आत धान्यासाठी बळद, जमिनीत ज्वारीचं पेव, शेजारी गोठा. दुरुस्ती सुतार-लोहारांकडे, मजुरी खळ्यावर बलुत्याच्या धान्यात. पण ही व्यवस्था सगळ्यांना सारखी नव्हती. बलुतं जातीने ठरायचं आणि खणांची घरं मूठभरांची होती. १८९९-१९०० चा छपन्नचा (विक्रम संवत १९५६ चा) दुष्काळ आला तेव्हा भरलेलं पेव किती जणांकडे होतं, हा प्रश्न टाळून त्या काळाचं गुणगान करता येत नाही.

पाण्याचं उदाहरण मला सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवरची फड पद्धत काही शतकं जुनी. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालची जमीन साधारण चार फडांत वाटलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पुढच्या वर्षी फेरपालट. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, तंटा मिटवायला पंच. स्वतःच्या वावरात काय पेरायचं हे एकटा शेतकरी ठरवत नव्हता आणि म्हणूनच पाणी शेवटच्या वावरापर्यंत जात होतं. पुढे विहिरीवर विजेचे पंप आले आणि प्रत्येकाचं पाणी वेगळं झालं. यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात त्यामुळे सुबत्ता आली आणि भूजलही खोल गेलं.

डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन भरलं. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते. गांधीजींच्या आग्रहाप्रमाणे नंदलाल बोस यांनी ते नगर बांबूसारख्या स्थानिक साहित्यातून सजवलं. गावच्या साहित्यातून मोठं काम उभं राहू शकतं, हे खान्देशाने तेव्हा पाहिलं होतं. स्वातंत्र्यानंतर मात्र वारं सिमेंटकडे वळलं. सरकारी घरकुलांच्या भाषेत मातीची भिंत ‘कच्ची’ ठरली आणि धाबं पाडून स्लॅब टाकणं हे प्रगतीचं लक्षण झालं.

आज हिशेब मांडायचा तर असा. शंभर चौरस मीटर छतावर ६५० मिलिमीटर पाऊस म्हणजे ६५,००० लिटर. गळती-उडती वजा करून ५०,००० धरू. पाच माणसांचं पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी माणशी दहा लिटरने वर्षाला १८,२५० लिटर होतं. म्हणजे टाकी बांधली तर भागतं. पण मातीच्या धाब्याचं पाणी गढूळ येतं, म्हणून मातीचा भार कमी करून वर पत्र्याचं हलकं छप्पर करावं लागतं. गोबर गॅसला दोन घनमीटरच्या संयंत्रासाठी रोज पन्नास किलो शेण, म्हणजे चार-पाच जनावरं हवीत. दोन गायींवर ते जमत नाही आणि पाच गुरांचा चारा दोन-तीन एकरांच्या शेतकऱ्याला परवडत नाही. इथे शेजारी लागतोच.

लाकडाचंही तसंच. १९६४ च्या झाडतोड नियमन कायद्यामुळे स्वतःच्या शेतातला सागही परवानगीशिवाय तोडता येत नाही, त्यामुळे दुरुस्ती करणारे पाडलेल्या घरांचं जुनं सागवान शोधतात. दुसरी वाट साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने दाखवली आहे. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने त्या गावाने १९९० च्या दशकापासून स्वतः नियम घालून उजाड डोंगर राखला आणि जंगल परत आणलं. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कुऱ्हाड कोणी, कधी चालवायची, हे तिथे गाव बसून ठरवतं.